माऊलीचं लाटणं परत आलं

मित्रांनो, मी एक लाटणं. जुनं, शिसवी आणि सध्या बरंच चिडलेलं. पोळ्यांशी माझा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी चिक्कीचं लाटणं आहे. हातभर लांब, मनगटाएवढं जाड, टोकांना मुठी नाहीत. उकळता पाक आणि शेंगदाणे तूप लावलेल्या ओट्यावर ओतले की ते गार होऊन कडक व्हायच्या आत मला त्यांच्यावरून फिरावं लागतं. त्याला दोन मिनिटं मिळतात, फार तर अडीच. तेवढ्यात जाडी सगळीकडे सारखी यायला हवी. हे काम पोळीच्या लाटण्याने करून दाखवावं, मग मी गप्प बसेन.

मला तळेगावजवळच्या वराळ्याच्या नथू सुताराने घडवलं. एका मोडक्या पलंगाचा पाय तेवढा शाबूत राहिला होता, त्यातून मी निघालो. नथूने आधी रंधा मारला, मग काचेच्या तुकड्याने चार दिवस मला खरवडत बसला. देताना तो धोंडिबाला म्हणाला, "याला पानी लावू नगं. तूप लाव. पानी लागलं तर चिरंल."

धोंडिबा म्हणजे माझा पहिला धनी. लोणावळ्याच्या बाजारात चिक्की करणारा कारागीर. तळेगावहून सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळी यायचा. आमच्या धंद्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढे जे घडलं ते या रीतीपायीच घडलं. लोणावळ्यात चिक्कीचा कारागीर दुकानाचं लाटणं वापरत नसे, स्वतःचं आणत असे. ज्या दुकानाच्या फळीवर त्याने लाटणं ठेवलं, त्या दुकानात तो कामाला. तिथलं पटेनासं झालं, की त्याने लाटणं उचलायचं. नियम दोनच. कढई चुलीवर असताना उचलायचं नाही, हातातला घाणा पुरा करायचा. आणि चोरून उचलायचं नाही, मालकाच्या तोंडावर सांगायचं. मालकाने "बरं" म्हणायचं आणि विषय संपला. दुसऱ्याच्या लाटण्याला मालकही हात लावत नसे.

धोंडिबाने मला आयुष्यात तीनदा उचललं. त्यातलं एकदाचं मी कधी विसरणार नाही. शनिवार होता, पावसाळी पर्यटकांची झुंबड, दुकानापुढे पाय ठेवायला जागा नाही. मालकाने आदल्या वर्षीचे खवट शेंगदाणे नव्यात मिसळून पाठवले. धोंडिबाने एक दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. कढईतला घाणा उतरवला, लाटला, वड्या पाडल्या. मग मला पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि गल्ल्यापाशी जाऊन म्हणाला, "शेठ, येतो मी." शेठचा चेहरा उतरला. पण "बरं" म्हणाला. दोन वाजता मी समोरच्या दुकानात चिक्की लाटत होतो. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून इकडे आली. तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं.

पुढे धोंडिबाच्या मनगटात कळा यायला लागल्या आणि मी त्याच्या भाच्याकडे आलो, माऊलीकडे. धोंडिबाला मूलबाळ नाही, तो बहिणीच्या घरीच वराळ्याला राहायचा, त्यामुळे मी घरातल्या घरात एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर गेलो. माऊलीचा हात मामापेक्षा हलका. खोटं कशाला बोलू, मला तो जास्त आवडायचा. त्याच्या हातची शेंगदाण्याची चिक्की दाताखाली आली की आवाज करायची, पण दाताला चिकटायची नाही. काम करताना तो माझ्याशी बोलत नसे, गात नसे, काही नाही. नुसता लाटायचा.

मग लाटायची यंत्रं आली. दोन लोखंडी रूळ, मध्ये चिक्की, बाहेर लांबच लांब पट्टा. एकेका दुकानातल्या फळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. माऊलीला काम होतं, पण कसलं? यंत्रातून आलेले तुकडे खोक्यात भरायचं. आठवड्यातून एखादं जुनं गिऱ्हाईक हाताची चिक्की मागायचं, तेव्हा मला खाली काढलं जायचं. कारागिराला खोकी भरायला लावलं की तो आतून कसा होतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

अशात तळेगाव स्टेशनाजवळ कचेरी थाटलेला गौरव नावाचा एजंट घरी आला. परदेशात माणसं पाठवायचा त्याचा व्यवसाय. आखातातल्या एका शहरात मिठाईची मोठी कंपनी आहे, त्यांना हाताने चिक्की करणारा माणूस हवा आहे, असं तो म्हणाला.

"दोन वर्षांचा व्हिसा आहे, दादा. राहणं, जेवण, विमान, सगळं कंपनी बघते. तुम्ही फक्त सही करायची."

"काम चिक्कीचंच ना?" माऊलीने विचारलं.

"चिक्कीसाठीच तर बोलावतायत."

माऊलीची बायको अनिता कागद हातात घेऊन बसली होती. बारावी झालेली, इंग्रजी अडखळत का होईना वाचायची. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं कामगार असं काय तरी लिवलंय. कारागीर न्हाई."

"ते सगळ्यांचंच तसं असतं, वहिनी. सरकारी फॉर्म असतो तो."

ओट्यावर बसलेल्या धोंडिबाने एकच प्रश्न विचारला. "आन् लाटनं उचलायचं झालं तर?"

गौरवला प्रश्नच कळला नाही. माऊलीला कळला, तो हसला. "मामा, तितं बी मानसंच हायेत. न्हाई पटलं तर सांगायचं आन् निगायचं."

मित्रांनो, मी तेव्हा खुंटीवर होतो आणि मलाही माऊलीचंच पटलं. ही चूक एकट्या माऊलीची नाही. तीस-चाळीस वर्षं आम्ही असंच वागत आलो होतो, आम्हाला दुसरं काही माहीतच नव्हतं.

चैत्रात आम्ही गेलो. कंपनीत पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी माऊलीचा पासपोर्ट "जमा" झाला. माऊलीला त्याचं काही वाटलं नाही. शाळेत दाखला जमा करतात तसंच असेल, असं त्याने अनिताला फोनवर सांगितलं. मला मात्र स्टीलच्या चकचकीत फळीवर जागा मिळाली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

तीन महिने आम्ही चिक्की केली. लोक यायचे, काचेतून पाहायचे, मोबाईलवर फोटो काढायचे. मग कंपनीने दुसरीकडून यंत्राची चिक्की खोक्यांनी मागवायला सुरुवात केली, कारण ती स्वस्त पडत होती. माऊलीला मागच्या बाजूला पाठवलं. ट्रे धुणं आणि खोकी भरणं. ज्या कामाला कंटाळून तो गाव सोडून आला, तेच काम, फक्त समुद्रापलीकडे.

तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर हिंदी बोलायचा. त्याने कागद काढून दाखवला. व्हिसावर लिहिलंय कामगार, तर कामगाराचं काम. चिक्की हवी असेल तेव्हा सांगू. ती कधीच हवी झाली नाही. मी फळीवर पडून होतो. मला तूप लागेना, अंगावर धूळ आणि वरून तिथल्या यंत्राची गार कोरडी हवा. माझ्या एका टोकाला बारीक चीर गेली ती तेव्हाची.

दोन गल्ल्या सोडून एक लहान मिठाईचं दुकान होतं. त्याच्या भटारखान्याचे मुख्य होते राजेंद्रभाऊ, तळेगाव दाभाड्याचे, पंधरा वर्षं तिथे राहिलेले. आपल्याकडचा एक चिक्कीवाला ट्रे धुतोय हे त्यांना कुठून तरी कळलं. ते शुक्रवारी भेटायला आले. माऊलीने मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला उलटसुलट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे ये. मालकाशी बोललोय मी. चिक्कीच करायची, दुसरं काही नाही. फक्त तुझ्या कंपनीने सोडल्याचं पत्र लागेल."

पत्र. आमच्याकडे "बरं" पुरायचं, इथे पत्र लागत होतं.

माऊलीने तीनदा पत्र मागितलं. पहिल्यांदा मॅनेजर म्हणाला, बघू. दुसऱ्यांदा म्हणाला, वरच्या साहेबांना विचारतो. तिसऱ्यांदा खरं काय ते बोलला. तुला सोडलं तर उद्या चाळीस जण मागायला येतील. मला यातली गंमत अशी वाटते, मित्रांनो, की कंपनीला माऊलीची चिक्की नको होती, मी तर नकोच होतो. ट्रे धुवायला रोज नवीन माणूस मिळत होता. पण आपल्याला नको असलेला माणूसही दुसऱ्याला द्यायचा नाही, अशी तिथली रीत होती आणि तिला कायद्याचा आधार होता.

दसऱ्याच्या दिवशी माऊलीने सगळे ट्रे धुतले. एकही मागे ठेवला नाही. ओटा पुसला, नळ बंद केला. मग मला खाली काढलं, खिशातल्या पुडीतलं तूप लावलं, अंगाला कुंकवाचं बोट टेकवलं आणि फडक्यात गुंडाळलं. मला सगळं समजलं. मी महिनोन्‌महिने याच क्षणाची वाट पाहत होतो. तो मॅनेजरच्या टेबलापाशी गेला, मला दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, साहेब, काम पुरं केलंय, मी निघतो आहे, त्या दुसऱ्या दुकानात जातो आहे.

मॅनेजरने मान वर केली. माऊलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "जाओ भाई. हम किसी को बाँध के नहीं रखते."

माऊलीने वाकून नमस्कार केला. रस्त्यात उभा राहून त्याने अनिताला फोन लावला. "सांगून निगालो. कुनी अडवलं न्हाई. मामाला सांग, मी म्हनलो व्हतो ना, तितं बी मानसंच हायेत."

राजेंद्रभाऊंनी मात्र त्याला दारात पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. "पत्र आणलंस?"

"साहेब जा म्हनले."

"लिहून दिलं का?"

"तोंडानं म्हनले की. माज्या देखत म्हनले."

राजेंद्रभाऊंनी दाराबाहेर एकदा पाहून घेतलं. पत्राशिवाय तोंडचा शब्द तिथे चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. पंधरा वर्षं राहिलेल्या माणसाला माहीत नसेल असं होत नाही. पण दिवाळीची मोठी ऑर्डर अंगावर होती आणि चिक्की करणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले, "बरं, हात धू आणि ये आत." त्या "बरं"बद्दल मी त्यांना अजून पुरता माफ केलेला नाही.

नऊ दिवस आम्ही तिथे होतो. ते नऊ दिवस माझ्या उतारवयातले सर्वांत चांगले दिवस. माऊलीचा हात तीन महिने बंद होता, तरी दुसऱ्या घाण्याला जाडी जमली. शेंगदाण्याची केली, तिळाची केली, राजगिऱ्याची केली. दुकानाचे मालक आत येऊन ओट्यावरचा तुकडा उचलून खायचे आणि मान हलवून निघून जायचे. माऊली शीळ घालायला लागला. त्याला शीळ येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुकानात फोन आला. कंपनीने माऊली निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तक्रार नोंदवली होती. कामगार पळून गेला. आता जो त्याला कामावर ठेवील तोही गुन्हेगार. राजेंद्रभाऊंनी कढईखालचा गॅस बंद केला. पाक अर्धा झाला होता. ते माऊलीच्या डोळ्यांकडे न पाहता बोलले, "तुला जावं लागेल, माऊली. माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, त्यांच्या व्हिशावर येईल."

"कढई तरी उतरू द्या," माऊली म्हणाला.

"नको. आत्ता."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी अर्धवट घाणा सोडून निघालो. कढईतला पाक तसाच गार होत गेला.

माऊली स्वतःच कंपनीत परत गेला. पळून गेलेला माणूस आपल्या पायांनी परत येतो का, एवढा साधा विचारही तिथे कोणी केला नाही. वरच्या साहेबांसमोर त्याला उभं केलं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता. मी पळालो नाही, सांगून गेलो, यांना विचारा. मॅनेजर तिथेच बसला होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मुझे याद नहीं." आणि हातातला चहा प्यायला.

मी माऊलीच्या काखेत होतो. मला जर तोंड असतं, मित्रांनो, तर मी त्या खोलीत काय बोललो असतो ते तुमच्यासारख्या लहानांना सांगण्यासारखं नाही.

त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. तक्रार कायम राहिली तर पोलीस धरून नेतील, आत किती दिवस ठेवतील ते कोणी सांगू शकत नाही, मग परत पाठवतील आणि त्या देशाचं दार कायमचं बंद. किंवा कंपनी तक्रार मागे घेईल, पण नव्या कागदावर सही करायची. दोन वर्षं आजपासून पुन्हा मोजायची, दुसऱ्या कामासाठी अर्ज करायचा नाही, आणि मुदतीआधी घरी जायचं तर कंपनीच्या सहीने. गेलेले सात महिने जमेत धरायचे नाहीत. माऊलीने अनिताला फोन लावायची परवानगी मागितली. नंतर लाव, म्हणाले. त्याने सही केली. माझ्या अंगावर त्याचा घाम पडला. मला पाणी चालत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने लगेच बाहीने मला पुसलं. अशा वेळीसुद्धा.

दिवाळी झाल्यावर राजेंद्रभाऊ सुट्टीवर गावी निघाले. माऊलीने मला त्यांच्या हाती दिलं. राजेंद्रभाऊंनी मला पिशवीत ठेवलं.

आता एक गोष्ट तुम्हाला आधी सांगायची राहिली. लोणावळ्यात कारागिराचं लाटणं कधी दुसऱ्याच्या हातून घरी येत नाही. येतं ते एकाच प्रसंगी, तो माणूस वारल्यावर. दुकानाचा मालक स्वतः घेऊन येतो. राजेंद्रभाऊ तळेगावचे असले तरी चिक्कीच्या धंद्यातले नव्हते, त्यांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. माऊलीला ठाऊक होतं. त्याच्या लक्षात राहिलं नाही, की राहूनही त्याने पाठवलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

वराळ्याच्या घरी दुपारी आम्ही पोहोचलो. धोंडिबा अंगणात खाटेवर बसला होता. राजेंद्रभाऊंनी पिशवीतून मला काढलं आणि पुढे केलं. "आबा, हे माऊलीने दिलंय."

धोंडिबाने मला घेतलं नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. अनिता आतून पदराला हात पुसत आली, तिने आधी मला पाहिलं, मग ती टोपी पाहिली. ती उंबऱ्यातच खाली बसली.

"काय झालं?" राजेंद्रभाऊ गोंधळले. "अहो, बरा आहे तो. अगदी बरा आहे. थांबा, फोन लावतो."

व्हिडिओ कॉल लागला. माऊली दिसला. डोक्याला प्लास्टिकची टोपी, मागे ट्रेची चळत. अनिता रडत होती आणि हसतही होती. धोंडिबाने फोन आपल्याकडे ओढला.

"लाटनं का धाडलंस रं?"

"मामा, हितं उचलता येत न्हाई. मंग ठिवायचं कशाला?"

"तू कवा येतूस?"

"त्ये माज्या हातात न्हाई, मामा." मग मागून कोणीतरी हाक मारली. माऊली वळला आणि घाईघाईने म्हणाला, "साब, घर का फोन है. दो मिनट, साब. बस दो मिनट." पण ती दोन मिनिटं मिळाली नाहीत. पडदा काळा झाला. धोंडिबा फोन तसाच हातात धरून बसला. उभ्या जन्मात त्याने कुठल्या शेठकडे कशाची परवानगी मागितली नव्हती.

आता मी पुन्हा वराळ्याच्या खुंटीवर आहे. अनिता रोज सकाळी मला खाली काढते, तूप लावते, मऊ फडक्याने पुसते. माझ्या चिरेत तिने मेण भरलं आहे. इतकी काळजी माझी कधीच कोणी घेतली नव्हती. काल धोंडिबाच्या ओळखीचा एक दुकानदार आला होता, मला काचेच्या पेटीत ठेवायला मागत होता, गिऱ्हाइकांना जुनी वस्तू दाखवायला. अनिताने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि नाही म्हणून सांगितलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. आम्हाला फेकू नका, सांभाळा, वगैरे. मला ते मागायचं नाही. माझं बरं चाललं आहे. तुमच्यातले पुष्कळ जण मोठे झाल्यावर परदेशी जाल. जरूर जा. कागदावरची पगाराची ओळ सगळेच वाचतात, ती वाचायला कोणी शिकवावं लागत नाही. काम सोडायचं झालं तर कोणाला विचारावं लागेल, ही ओळ शोधा. ती सापडेपर्यंत पेन उघडू नका. आणि तोंडाने दिलेल्या होकारावर तिथे जाऊ नका. आमच्या बाजारात तो चालायचा, म्हणून आम्ही फसलो.

मी लाकडाचा तुकडा. येताना विमानतळावर मला यंत्रातून सरकवलं, बाहेर काढून एकदा पाहिलं आणि पुन्हा पिशवीत टाकलं. माझा मालक कोण, मी कोणाच्या कामावर होतो, मला कोणी सोडलं, माझ्याजवळ पत्र आहे का, कोणी काही विचारलं नाही. मी आरामात घरी आलो. ज्याने मला तूप लावून पाठवलं, त्याला हे सगळं विचारतात आणि उत्तर द्यायचा हक्क मात्र कंपनीचा आहे.